पाहुण्याचा परवाना

गेल्या वर्षीं आमच्या हातून एक चूक झाली. ती अगदींच क्षुल्लक नव्हती, आणि तिचा निस्तार दुसऱ्यास करावा लागला. म्हणून ती या सदरांतून सांगून टाकणें आम्हांस इष्ट वाटतें. ज्यांच्या घरचा मुलगा, पुतण्या किंवा जांवई परदेशीं आहे अशा वाचकांच्या हातूनही नेमकी हीच चूक होण्याचा संभव आहे.

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव पारोळ्यास लहानाचे मोठे झाले. अठरा वर्षें पूर्ण होतांच त्यांनीं इंग्रजी आठाच्या आंकड्यावरून गाडी फिरवून दाखविली आणि दुचाकीचा परवाना मिळविला. पुढें पुण्यास अभियांत्रिकीचें शिक्षण झालें, नोकरी लागली, आणि सत्ताविसाव्या वर्षीं ते जर्मनींत स्टुटगार्टजवळ कामास गेले. पारोळ्याच्या माणसानें दूर जाणें हें कांहीं नवें नाहीं. येथला भुईकोट किल्ला १७२७ च्या सुमारास नेवाळकर जहागीरदारांनीं बांधला, आणि त्याच घराण्याची एक शाखा पुढें झांशीस नांदली, हें पारोळ्यांतील शाळकरी मुलासही ठाऊक असतें. हल्लीं वाट तेवढी निराळी झाली आहे. स्टुटगार्ट ही ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याची राजधानी, त्या राज्याशीं महाराष्ट्र शासनानें २०२४ च्या फेब्रुवारींत कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. तेव्हां तिकडे जाणारीं मुलें यापुढें वाढतील असेंच दिसतें.

जाऊन पांच महिने झाले असतील, तोंच चिरंजिवांनीं एक छायाचित्र धाडलें. कचेरींतल्या एका सहकाऱ्याकडून त्यांनीं जुनी मोटारसायकल विकत घेतली होती. चांगली सातशे घनसेंटीमीटरची, आमच्या अंगणांतल्या शंभरीच्या गाडीपुढें हत्तीसारखी दिसणारी. घरांत सर्वांनीं कौतुक केलें. आमच्या मातोश्रींनीं मात्र चष्मा लावून फोटो पाहिला आणि विचारलें, “अरे, पण इकडचा परवाना तिकडे चालतो का?”

आम्हीं मोठ्या विश्वासानें उत्तर दिलें, “चालतो. त्यानें जातांना आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला आहे. एक वर्षाची मुदत आहे.”

हीच ती चूक.

आंतरराष्ट्रीय परवाना हा शब्दच फसवा आहे. ऐकणाऱ्यास वाटतें, कीं हा मूळ परवान्याहून कांहीं मोठा, सर्व राष्ट्रांनीं मान्य केलेला दाखला असावा. वस्तुतः तो मूळ परवान्याचें अनेक भाषांतील भाषांतर आहे. मूळ परवाना जवळ नसेल तर त्यास कांहींच किंमत नाहीं. १९२६ च्या पॅरिसच्या करारापासून ही प्रथा चालत आली. १९ सप्टेंबर १९४९ रोजीं जिनीव्हा येथें झालेल्या करारांत भारत सामील आहे, आणि आपलीं परिवहन कार्यालयें या नांवाची पुस्तिका देतात ती त्याच मालिकेंतली. परंतु हे सारे करार कोणासाठीं झाले? एका देशांतून दुसऱ्या देशांत फिरावयास जाणाऱ्या प्रवाशासाठीं. जो तेथें घर करून राहिला तो प्रवासी उरत नाहीं, आणि तेथून पुढें त्या देशाचा स्वतःचा कायदा लागू होतो. पुस्तिकेवर छापलेलें एक वर्ष हें पुस्तिकेचें आयुष्य आहे. तेथें गाडी चालविण्याच्या हक्काचें नाहीं.

जर्मनीच्या कायद्यांत हा हक्क सहा महिन्यांचा आहे. राहतें घर तेथें झालें त्या दिवसापासून सहा महिने भारतीय परवान्यावर गाडी चालवितां येते. एकंदर मुक्काम वर्षाच्या आंतच संपणार आहे असें पटवून देतां आलें तर मुदत वाढवून मिळूं शकते. कायमच्या नोकरीस गेलेल्या माणसास तें शक्य नाहीं. सहा महिन्यांनंतर चालविली तर तो विनापरवाना वाहन चालविण्याचा गुन्हा ठरतो, आणि त्यास दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद अशी शिक्षा सांगितली आहे. आपल्याकडे चौकांत पावती फाडून सुटतों, तसला हा प्रकार नव्हे. शिवाय अपघात झाल्यास विमा कंपनी समोरच्या माणसास भरपाई देते खरी, परंतु ती रक्कम कांहीं मर्यादेपर्यंत चालकाकडून वसूल करूं शकते. ज्याचें त्या देशांत राहणेंच परवान्यांवर आणि मुदतींवर अवलंबून आहे, अशा परक्या तरुणाच्या नांवावर फौजदारी गुन्हा लागणें म्हणजे काय, हें आम्हीं विस्तारानें सांगावयास नको.

चिरंजिवांस हें कळलें तें सातवा महिना लागून अकरा दिवस झाल्यावर. तेंही कचेरींत जेवतांना, दुसऱ्या एका भारतीय सहकाऱ्याच्या तोंडून. त्या अकरा दिवसांत ते रोज मोटारसायकलनें कामावर जात होते. त्याच संध्याकाळीं गाडी तेथेंच ठेवून ते आगगाडीनें घरीं परतले आणि आम्हांस फोन केला. “काका, तुम्ही वर्ष म्हणालां होतां ना?” एवढेंच ते म्हणाले. त्यांच्या स्वरांत राग नव्हता. असता तर आम्हांस सोसणें सोपें गेलें असतें.

पुढचें काम वाटलें होतें त्याहून लांबलें. जर्मन कायद्याबरोबर एक यादी जोडलेली आहे. तींतील देशांचा परवाना परीक्षेवांचून, किंवा अर्ध्या परीक्षेवर, बदलून मिळतो. भारत त्या यादींत नाहीं. सबब लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सवलत एवढीच, कीं नवशिक्याप्रमाणें ठराविक तास शिकवणी घेण्याची सक्ती नसते. तथापि परीक्षेस बसावयाचें तें शिकवणाऱ्या शाळेच्या मार्फतच, त्यामुळें शाळा धरावी लागतेच. अर्जासोबत परवान्याचें भाषांतर, दृष्टीचा दाखला आणि प्रथमोपचाराच्या वर्गाचा दाखला द्यावा लागतो. हा वर्ग पाऊणपाऊण तासाच्या नऊ पाठांचा असतो. भाषांतराशींच चिरंजीव अडले. आपल्याकडील परवान्यावर आडनांव आधीं, मग स्वतःचें नांव, मग वडिलांचें. पारपत्रावर क्रम निराळा. भाषांतरकारानें आमच्या बंधूंचें नांव हेंच आडनांव धरलें, आणि तें दुरुस्त करून घेण्यांत तीन आठवडे गेले.

दुसरा पेंच वाहनाच्या वर्गाचा. आपल्या परवान्यावर ‘गिअरची मोटारसायकल’ एवढाच एक वर्ग असतो. शंभर घनसेंटीमीटरची गाडी चालवा किंवा हजाराची, कायद्यास भेद नाहीं. युरोपांत ही शिडी पायरीपायरीनें चढावयाची असते. सोळाव्या वर्षीं सव्वाशे घनसेंटीमीटर व ११ किलोवॅटपर्यंतची गाडी, अठराव्या वर्षीं ३५ किलोवॅटपर्यंतची, आणि त्यापुढें कोणतीही. हा शेवटचा वर्ग एकदम हवा असेल तर वयाचीं चोवीस वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. आमच्या चिरंजिवांचें वय बसत होतें. एखादा बावीस वर्षांचा मुलगा पुण्यास मोठी गाडी चालवीत असेल आणि तीच तेथें चालवूं पाहील, तर त्यास मधल्या पायरीवर थांबावें लागेल.

लेखी परीक्षा जर्मनखेरीज आणखी बारा भाषांत देतां येते. त्यांत इंग्रजी आहे, अरबी आहे, तुर्की आहे. मराठी नाहीं आणि हिंदीही नाहीं. तीस प्रश्न असतात आणि दहा दोषगुणांपर्यंत क्षमा असते. परंतु पांच दोषगुणांचे दोन प्रश्न चुकले, तर बेरीज दहाच होऊनही उमेदवार नापास होतो. चिरंजिवांनीं ती परीक्षा पहिल्या खेपेस दिली.

प्रत्यक्ष परीक्षेचा प्रकार आम्हांस फार मनोरंजक वाटला. उमेदवार पुढें मोटारसायकलवर. शिक्षक आणि परीक्षक मागून मोटारींत. आणि कानांतल्या यंत्रांतून सूचना. शिरस्त्राण, हातमोजे, जाडें जाकीट, पाठीचें संरक्षक कवच आणि घोटा झांकणारे बूट अंगावर असावेच लागतात. गाडी ताशीं पन्नास किलोमीटरवरून एकदम थांबवून दाखवावयाची, त्याच वेगांत अडथळा चुकवून दाखवावयाचा, आणि माणसाच्या चालीनें सरळ रेषेंत नेऊन दाखवावयाची. या शेवटच्या कसोटींत भलेभले पाय टेकतात म्हणे. आमच्या चिरंजिवांस तिचें कांहींच वाटलें नाहीं. आठवडे बाजाराच्या दिवशीं किल्ल्याजवळच्या गर्दींतून, भाजीच्या टोपल्या आणि गुरें चुकवीत, पाय न टेकतां ज्यानें गाडी काढली आहे त्यास जर्मन परीक्षक काय शिकविणार!

आणि तरी पहिल्या खेपेस ते नापास झाले. कारण काय, तर लेन बदलतांना त्यांनीं आरशांत पाहिलें, पण मान वळवून खांद्यावरून मागें पाहिलें नाहीं. आरशांत न दिसणारी एक जागा असते आणि तेथेंच मागची गाडी असूं शकते, असें तेथलें शास्त्र आहे. तें असें एकदां नव्हे तर तीनदां झालें. दुसरी चूक चौकांतली. जेथें पाटी किंवा दिवा नाहीं तेथें उजवीकडून येणाऱ्यास आधीं जाऊं द्यावयाचें असतें. आमच्याकडे अशा ठिकाणीं आधीं कोण जातो, तें वाचकांस ठाऊक आहेच.

हें ऐकून आमच्या घरांत बराच संताप झाला. आमचे बंधु म्हणाले, “नऊ वर्षें बिनअपघात गाडी चालवितो आहे, आणि हे त्यास नापास करतात!” रागाच्या भरांत आम्हांसही क्षणभर तसेंच वाटलें. परंतु भारत शासनाच्याच अहवालाप्रमाणें २०२२ सालीं आपल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि त्यांपैकीं शेंकडा ४४.५ दुचाकीवरचीं होतीं. हे आंकडे समोर असतां दुसऱ्या देशानें आमचा दाखला तपासून घेतला, तर त्यांत आमचा अपमान कोठें झाला? चिरंजिवांनीं पांच तास शिकवणी घेतली आणि दुसऱ्या खेपेस ते उत्तीर्ण झाले.

इतर देशांविषयीं थोडक्यांत. ब्रिटनमध्यें भारतीय परवाना रहिवाशास बारा महिने चालतो; तेथेंही भारत परवाना बदलून देण्याच्या यादींत नाहीं, त्यामुळें प्राथमिक सक्तीचें प्रशिक्षण, लेखी परीक्षा आणि दोन भागांतली प्रत्यक्ष परीक्षा, असा सारा क्रम पहिल्यापासून करावा लागतो. जपानांत १ ऑक्टोबर २०२५ पासून नियम कडक झाले: लेखी प्रश्न दहाचे पन्नास झाले आणि शेंकडा नव्वद बरोबर यावे लागतात. अमेरिकेंत प्रत्येक राज्याची रीत वेगळी.

मुलगा निघण्यापूर्वीं घरच्यांनीं पाहण्यासारखी एक गोष्ट मात्र विस्तारानें सांगण्याजोगी आहे. विमानाच्या आदल्या पंधरवड्यांत घाईनें परवाना काढण्याची आपल्याकडे खोड आहे. जपानांत परवाना मिळाल्यानंतर त्या देशांत किमान तीन महिने राहिल्याचा पुरावा मागतात. घाईचा परवाना तेथें फुकट जातो. त्याहून वाईट अनुभव जळगांवच्या आमच्या एका स्नेह्यांस आला. त्यांचा मुलगा जर्मनींतून दिवाळीस घरीं आला असतां, “तिकडे महाग पडतें” म्हणून त्यानें येथेंच मोटारसायकलचा परवाना काढला आणि परत गेला. तेथें राहतें घर असतांना बाहेर मिळविलेला असा परवाना जर्मन कायदा मानीतच नाहीं. सगळी दगदग व्यर्थ गेली. ज्यांच्याजवळ अद्याप जुनी हस्तलिखित पुस्तिका आहे त्यांनीं ती ‘सारथी’ या सरकारी संगणकीय नोंदवहींत चढवून घ्यावी. परदेशांत बसून तें काम करवून घेणें फार जड जातें.

उलट दिशेनें येणाऱ्यांस आपला कायदा उदार आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या नवव्या कलमांत, परदेशांतील अधिकृत परवाना असणाऱ्यास त्या वर्गाच्या वाहनाची परीक्षा माफ केली आहे. आपण त्यांची परीक्षा मानतों, ते आपली मानीत नाहींत. ही अतिथ्यशीलता म्हणावी कीं भोळेपणा, याविषयीं आमच्या घरांत अद्याप एकमत झालेलें नाहीं.

जर्मन परवाना हातीं देतांना तेथल्या कचेरीनें भारतीय परवाना जमा करून घेतला. ही गोष्ट चिरंजिवांनीं सहज सांगितली, पण मातोश्रींस ती लागली. “म्हणजे तो आतां तिथें पाहुणा राहिला नाहीं,” त्या म्हणाल्या. आम्हीं बारा वाक्यांत जें समजावून सांगत होतों तें त्यांनीं एका वाक्यांत सांगितलें. परंतु त्यांच्या डोळ्यांत पाणी होतें, म्हणून आम्ही गप्प राहिलों.

यंदाच्या दिवाळींत चिरंजीव दहा दिवस पारोळ्यास आले. कार्ड तिकडे असलें तरी ‘सारथी’ मधील नोंद कायम आहे आणि ‘डिजिलॉकर’ मधली प्रत आपल्याकडे ग्राह्य धरतात. तेव्हां पाडव्याच्या सकाळीं त्यांनीं अंगणांतली जुनी गाडी पुसून बाहेर काढली. दारापुढें रस्त्यावर कोणी नव्हतें. तरी निघण्यापूर्वीं त्यांनीं मान पार वळवून खांद्यावरून मागें पाहिलें. कोपऱ्यावर वळतांना पुन्हां तसेंच. ओट्यावर बसलेल्या मातोश्रींनीं हांक मारली, “अरे, मागें कोणाला बघतोस? मी इथेंच आहें!”