गोळी चुकवायची नाही, पण उपास?

काही वर्षांपूर्वी आषाढी एकादशीच्या संध्याकाळी एका आजींना बेशुद्ध अवस्थेत माझ्याकडे आणलं. अंग घामाने चिंब, साखर 38. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर आजींनी डोळे उघडले. दिवसभर पोटात पाण्याचा थेंब नाही, पण शुगरची ग्लिमेपिराइड गोळी मात्र सकाळीच घेतलेली. का? "गावात नर्सिंगच्या पोरी आल्या होत्या. गोळी अजिबात चुकवायची नाही म्हणाल्या."

ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. म्हणून उपासाच्या दिवशी तिचं काय करायचं, हे आधीच ठरवावं लागतं. मुलींनी पुस्तकातलं बरोबर सांगितलं, फक्त "आजी, तुम्ही उपास करता का?" हे विचारलं नाही. (खरं सांगतो, गोळी लिहून देताना मीही विचारलं नव्हतं.)

माझा राग त्या मुलींवर नाही, त्यांच्या कम्युनिटी पोस्टिंगवर आहे. बस गावात येते. मुली घरोघरी फॅमिली फोल्डर भरतात, चार्ट धरून आहार समजावतात, फोटो निघतात, लॉगबुकवर सही होते, बस परत. याला आपण सेवा म्हणायचं? संस्कृती हा विषय समाजशास्त्रात आहेच, असं शिकवणारे म्हणतील. आहे ना, व्याख्या पाठ करण्यापुरता!

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने दवाखाना कसा हवा, हे आदिवासींनाच विचारलं. लोकांनी मोठ्या इमारतींची भीती सांगितली. डॉक्टर-नर्सचे पांढरे कपडे पाहून प्रेतावरचं कापड आठवतं, हेही सांगितलं. मग शोधग्रामात झोपड्यांचा दवाखाना झाला, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा, दंतेश्वरी देवीच्या नावाचा. आता सांगा, आपला पांढरा गणवेश समोरच्याला कसा दिसतो, हे नर्सिंगच्या किती वर्गांत विचारलं जातं?

एका मुलीला पाचच घरं द्या, पण वर्षभर तीच. पहिल्या भेटीत चार्ट नको, नुसतं ऐकायचं. बाळंतिणीला काय देत नाहीत, आजारात आधी कोणाकडे जातात, कोणते उपास धरतात. आणि गुण देताना आशाताईला आणि त्या घरातल्या सासूबाईंनाही विचारा.

तुमच्या दारात अशी मुलगी आली, तर नुसती मान डोलावून तिला पाठवू नका. तुमच्या घरात काय चालतं ते तिला सांगा. शुगरची गोळी चालू असेल, तर उपासाआधी डॉक्टरांना विचारा. आमच्या आजींनी एकादशी सोडलेली नाही. आदल्या आठवड्यात येऊन गोळीचं विचारून जातात.