खंड मोजायचा कुणी?



दुष्काळ पडला की नाही, हे कोण ठरवतं? ज्याच्या कपाशीची पाती-फुलं गळाली तो नाही. ज्याच्या ज्वारीचं कणीस पोटरीतच अडकलं तोही नाही. ठरवतो सरासरीचा आकडा.

२०२३ साली ३१ ऑक्टोबरला राज्यात ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले. आरडाओरड झाली, तेव्हा नोव्हेंबरात त्यांच्याबाहेरच्या १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती असल्याचं सरकारनंच मान्य केलं. ही मंडळं काही त्या पंधरवड्यात वाळली नव्हती. तालुक्याच्या सरासरीखाली ती झाकली गेली होती. मग मंडळाच्या सरासरीखाली किती गावं झाकली जात असतील?

मी कृषी पदवीधर. नोकरीत असताना पीक कापणी प्रयोगाला गेलो. यादीतला गट नंबर ओढ्यापलीकडे होता, जीप जात नव्हती. साहेब म्हणाले, अलीकडचं शेत घ्या. मी घेतलं. त्या काळ्या रानाच्या वजनावर पलीकडच्या बरडीचं नशीब लिहिलं गेलं. याची लाज अजून वाटते.

कारण पाऊस सारखा पडला तरी नुकसान सारखं नसतं. वीतभर मातीच्या बरडीवर आठ-दहा दिवसांच्या उघडिपीत कपाशी माना टाकते. खोल काळीत तीच कपाशी तीन आठवडे तग धरते. हंगामाची बेरीज सरासरीइतकी भरली, पण बोंडं भरताना महिनाभर खंड पडला, तर ती बेरीज काय चाटायची?

आता विम्याचं गणित पाहा. उंबरठा उत्पन्न म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी, तिच्या ७० टक्के. समजा, दोन वर्षं एकरी ९ क्विंटल कापूस झाला आणि पाच वर्षं ४ क्विंटल. चांगली पाच म्हणजे ९, ९, ४, ४, ४. सरासरी ६, उंबरठा ४.२. यंदा पुन्हा ४ झाला. तुमच्या लेखी ५ क्विंटल बुडाले; विम्याच्या लेखी तूट २० किलोची! भरपाई विमा रकमेच्या पाच टक्केही नाही. जितके दुष्काळ जास्त, तितकी भरपाई कमी. वारंवार बुडणाऱ्याचं बुडणं हेच त्याचं ‘नेहमीचं’ ठरवणारी ही योजना आहे. त्यात २०२५ च्या खरिपात गारपीट, पुरासारख्या स्थानिक आपत्तीचं आणि हंगामाच्या मध्यातल्या नुकसानीचं संरक्षणही काढून घेतलं.

आपलंही चुकतं. पैसेवारी ५० च्या आत आली की बक्षीस लागल्यासारखे नाचतो. अंतिम पैसेवारी डिसेंबरात येते. तोवर कपाशीच्या वेचण्या झालेल्या, खरीप ज्वारीचं खळं उठलेलं. पंचनाम्याला काय दाखवणार, पऱ्हाट्या?

म्हणून मागणी एकच: विम्याचं आणि दुष्काळाचं एकक गाव. गावागणिक पर्जन्यमापक, गावागणिक कापणी प्रयोग, आणि उंबरठा ठरवताना दुष्काळी वर्षं वगळा.

पण मागणीला पुरावा लागतो. पुढल्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावानं एक वही आणावी. पेरणीची तारीख, रोजचा पाऊस, खंडाचे दिवस, बरड किती एकर, काळी किती, आणि वेचणीगणिक कापसाचं वजन. पर्जन्यमापक शाळेच्या आवारात उघड्यावर बसवा, झाडाखाली नको. रोज सकाळी साडेआठला मोजा. नोंदीवर दोघांच्या सह्या घ्या, त्यातली एक बाईची असू द्या. वेचणीचं वजन तिलाच नेमकं ठाऊक असतं.