सासूबाईंचा खांदा

मैत्रिणींनो, सासूबाईंचा खांदा झिजला होता. सांधा बदलायचं निघालं तेव्हा मीच म्हटलं, "आता पंचाहत्तरीला कशाला ही उठाठेव?" माझ्या त्या बोलण्यापायी बिचाऱ्यांनी दोन वर्षं दुखणं काढलं.

शेवटी डॉक्टरांनीच समजावलं. वय झालं म्हणून गुण कमी येतो असं नाही. दुखणं म्हाताऱ्या माणसांचंही थांबतं. उलट पन्नाशीतली माणसं खांद्याला जास्त राबवतात, म्हणून सांधा झिजून पुन्हा ऑपरेशनची वेळ त्यांच्यावरच जास्त येते. म्हातारपणी काळजी असते ती साखरेची, हृदयाची आणि पडण्याची.

म्हणून चार-सहा आठवडे हात गळ्यात बांधलेला असेतो न्हाणीघर कोरडं ठेवा, पायपुसणी उचला, रात्री दिवा राहू द्या. रोजचे डबे कमरेच्या उंचीवर आणा. ब्लाउजला हुकांऐवजी चिकटपट्टी लावा. घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी. व्यायाम सांगितलेत तेवढेच, पण नेमाने.

इतके दिवस त्यांची वेणी मी घालत होते. सहाव्या महिन्यात त्यांनी स्वतःच अंबाडा घातला. म्हणाल्या, "सुटलीस गं बाई!"

खरं सांगू? सकाळची ती दहा मिनिटं मला अजून चुकल्यासारखी वाटतात.