जुळणी करणारा हाही उत्पादकच!

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत कधी गेलात तर एक गोष्ट पाहा. भट्टीतून निघालेल्या लोखंडाच्या प्रत्येक घाण्याला हीट नंबर असतो. त्यात कार्बन किती, सिलिकॉन किती, हे स्पेक्ट्रोवर तपासून कागदावर उतरवले जाते. कास्टिंगच्या पोटात मुगाच्या दाण्याएवढे ब्लो होल निघाले तरी पुण्याची कंपनी माल परत पाठवते. कुणाच्या हाताने साचा भरला, कुठल्या पाळीत ओतकाम झाले, हे शोधून काढता येते. शिरोलीचे नाव झाले ते या शिस्तीमुळे. आणि त्याच कारखान्याच्या ऑफिसात टेबलाखाली जो कॉम्प्युटरचा डबा ठेवलेला असतो, त्याच्या आत काय आहे हे मात्र मालकाला, मॅनेजरला, कुणालाही ठाऊक नसते. "असेंबल्ड आहे साहेब," एवढेच उत्तर मिळते.

हे सांगायचे कारण असे की गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात एक तरुण आला. शिरोलीत भाड्याच्या गाळ्यात एक सीएनसी मशीन टाकून तो स्वतः जॉबवर्क करतो. आपल्याच वस्तीतला, आयटीआय झालेला पोरगा. ड्रॉइंग करायला आणि मशीनचे प्रोग्रॅम लिहायला त्याने बेचाळीस हजारांचा कॉम्प्युटर जुळवून घेतला होता, तोही हप्त्याने. चार महिन्यांत एके दुपारी करपल्याचा वास आला आणि डबा बंद पडला. पॉवर सप्लाय, म्हणजे ज्याला आपण एसएमपीएस म्हणतो तो, स्वतः जळालाच, पण जाताना मदरबोर्ड आणि हार्डडिस्कही घेऊन गेला. दीड वर्षाचे प्रोग्रॅम त्या डिस्कवर होते. विकणाऱ्याने हात वर केले. म्हणाला, "तुमच्या एमआयडीसीची लाईटच तसली." बिल मागितले तर त्यावर एकच ओळ होती: कॉम्प्युटर संच, नग एक.

आम्ही डबा उघडून पाहिला. एसएमपीएसवर ४५० वॅटचे लेबल होते. बनवणाऱ्याचे नाव नव्हते. हातात घेतला तर रिकाम्या पत्र्यासारखा हलका.

आता विकणारा म्हणाला ते सगळेच खोटे नाही. शिरोलीत इंडक्शन भट्ट्या चालतात, मोठ्या मोटारी चालू-बंद होतात, दाब खालीवर होतो. हवेत वाळूची, कोळशाच्या भुकटीची आणि घासलेल्या लोखंडाची धूळ असते. लोखंडाची धूळ वीज वाहून नेते, ती मदरबोर्डवर बसली की जिथे नको तिथे वाट जोडून देते. पण म्हणूनच आम्ही विचारतो की जिथली लाईट तसली हे तुम्हाला ठाऊक होते, तिथे तुम्ही सगळ्यात हलका भाग कसा बसवला? चांगल्या पॉवर सप्लायचे काम केवळ वीज पुरवण्याचे नसते. आत येणारा दाब बिघडला, कुठे शॉर्ट झाले, तर स्वतः बंद होऊन बाकीच्यांना वाचवायचे, हेही त्याचेच काम. बारा व्होल्ट, पाच व्होल्ट आणि तीन पूर्णांक तीन व्होल्ट या तीन वाटा त्याला स्थिर ठेवायच्या असतात. स्वस्त मालात पैसे वाचवायचे म्हणून नेमकी ही राखण करणारी सर्किटेच गाळली जातात. लेबल छापायला काय लागते? आणि गिऱ्हाईक विचारते ते प्रोसेसर कुठला, रॅम किती. एसएमपीएस तर कॅबिनेटसोबत "फुकट" आला म्हणून ते खूश!

एक लहानसा भाग काय करू शकतो याचा दाखला जुना आहे आणि तो एखाद्या लहान दुकानाचा नाही. २००० सालच्या आसपास सदोष कॅपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डवर बसले. काही दिवसांनी ते फुगत, फुटत, आतले द्रावण बाहेर येई. डेलसारख्या कंपनीच्या ऑप्टिप्लेक्स कॉम्प्युटरमध्ये तेच झाले आणि २००५ साली त्या कंपनीला दुरुस्तीपोटी तीस कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. एकेका कॅपॅसिटरची किंमत काही पैसे! मोठी कंपनी तीस कोटी डॉलर काढू शकते. आमच्या जॉबवर्कवाल्या पोराने कुठून काढायचे?

भाग चांगले आणले म्हणून काम संपत नाही. जुळणी हे कसबाचे काम आहे. मदरबोर्डखाली पितळी स्टँडऑफ लावतात, त्यातला एखादा चुकीच्या जागी राहिला की बोर्ड मागून शॉर्ट होतो. इंटेलने २००४ साली प्रोसेसरच्या पिना काढून मदरबोर्डच्या सॉकेटवर दिल्या, एएमडीने २०२२ पासून एएम ५ मध्ये तेच केले. केसासारख्या त्या पिनांतली एक वाकली तरी नवा बोर्ड गेला. थर्मल पेस्ट कमी पडली की प्रोसेसर तापतो. पंख्याचे चार स्क्रू एकेक करून पूर्ण आवळले तर पंखा तिरका बसतो, ते आडवे-तिरपे थोडेथोडे आवळायचे असतात. मोटारीचे चाक बसवणाऱ्या कुठल्याही मेकॅनिकला हे कळते. अंगावरची स्थिर वीज रॅमला मारते आणि त्याचा ठसकासुद्धा ऐकू येत नाही, म्हणून अर्थिंग केलेला पट्टा मनगटाला हवा. सगळे जोडून झाले की मशीन रात्रभर पूर्ण भाराने चालवून, रॅम तपासूनच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे. हे किती दुकानांत होते? अर्ध्या तासात डबा बंद आणि गिऱ्हाईक गाडीवर.

याचा दोष सरसकट दुकानातल्या पोरांवर टाकायला आम्ही तयार नाही. हाताने काम करणाऱ्याच्या कामाला किंमत न देण्याची या देशाची खोड जुनी आहे, आणि ती आपल्या लोकांच्या अंगातही मुरली आहे. सुट्या भागांच्या किमती इंटरनेटवर पाहून गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "जोडायचेच तर आहे, त्याचे कसले पैसे?" मग दुकानदार मजुरी सोडून देतो आणि ती एसएमपीएसमधून वसूल करतो. हार्डवेअरचा कोर्स केलेली आमची कितीतरी पोरे आज अशा काउंटरमागे उभी आहेत. त्यांना चांगले काम येते. चांगल्या कामाचे पैसे कुणी देत नाही, एवढेच.

आता कायद्याचे. "आम्ही फक्त जोडून दिले, भाग कंपनीचे," हा बचाव आम्ही अनेकदा ऐकला आहे. तो टिकणारा नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्यात उत्पादक कोण याची व्याख्या आहे. इतरांनी बनवलेले भाग जुळवणारा हाही त्या व्याख्येत उत्पादक ठरतो. कायद्याने ज्याला उत्पादक म्हटले त्याने स्वतःला नुसता जोडारी म्हणवून घेऊन सुटायचे, हे चालणार नाही.

दुसरा बचाव असा की तुम्ही धंद्यासाठी घेतले, तुम्ही ग्राहकच नाही. इथे १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट हा निकाल वाचला पाहिजे. वाद सीएनसी मशीनचाच होता. लक्ष्मी इंजिनिअरिंग तो खटला हरली हे खरे. पण स्वतः राबून, स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा हा ग्राहकच, हे न्यायालयाने त्याच निकालात उलगडून सांगितले. टाइपरायटर घेऊन दुसऱ्यांची कामे टाइप करून देणाऱ्याचे उदाहरण त्यात आहे. टाइपरायटरच्या जागी कॉम्प्युटर ठेवा, आमचा पोरगा दिसेल. मोठ्या फौंड्रीला हा आधार मिळणे कठीण, पण एका मशीनवर स्वतः उभा राहणाऱ्याला मिळतो. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही, तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, आणि मुदत दोन वर्षांची आहे. जळालेला भाग मात्र फेकू नका, दुकानदाराच्या हवाली करू नका. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तो भागच नसेल तर पाठवणार काय?

अडते ते बिलापाशी. कॉम्प्युटरवर अठरा टक्के जीएसटी आहे आणि "बिल नको असेल तर एवढे कमी करतो" हे वाक्य आपल्याला गोड लागते. त्या अठरा टक्क्यांत आपण आपला पुरावा विकतो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चा मोफत आधार संपला, त्याच वर्षअखेरीस रॅमचे भाव भडकले. अशा वेळी जुने भाग पुसून नवे म्हणून खपवायला मोह होतो. हार्डडिस्क किती तास चालली आहे हे डिस्क स्वतःच नोंदवून ठेवते आणि दोन मिनिटांत वाचता येते. बिलावर प्रत्येक भागाचे नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक हवा. एसएमपीएसचा तर पहिल्यांदा.

त्या पोराचे काय झाले? आम्ही नोटीस पाठवली. "नग एक" या ओळीवर पुढे किती लढता येईल याची आम्हालाच धास्ती होती, म्हणून मशीनच्या पैशांत तडजोड केली. प्रोग्रॅम गेले ते गेलेच. ते त्याने रात्री बसून पुन्हा लिहिले. नवा कॉम्प्युटर त्याने वस्तीतल्याच एका मुलाकडून जुळवून घेतला. या मुलाचे बिल आम्ही पाहिले. अकरा ओळी, प्रत्येक भागाचा नंबर, रात्रभर चाचणी घेतल्याची तारीख, आणि खाली वेगळी ओळ: जुळणीची मजुरी १,५०० रुपये. त्या एका ओळीवरून अजून गिऱ्हाइके परत जातात, असे तो सांगत होता.