पहाटेचं स्वप्न आणि पुराचं पाणी

स्वप्नात जिवाच्या आकांतानं पळायला गेलात आणि पायच उचलेनात, असं कधी झालंय? मागून काहीतरी येतंय, तोंडातून हाक फुटत नाही, आणि मग एकदम जाग येते. अंगाला घाम, छातीत धडधड!

तुम्ही शिरोळ तालुक्यात राहत असाल, तर मागून येणारं ते काहीतरी म्हणजे पाणीही असेल. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्यांचा हा तालुका. २००५ साली महापूर आला, ऑगस्ट २०१९ मध्ये आला, जुलै २०२१ मध्ये पुन्हा आला. २०१९ ला तर गावंच्या गावं बेटं झाली. माणसं होड्यांतून बाहेर निघाली. आज सातवी-आठवीत असलेली मुलं तेव्हा नुकती कुठं शाळेत जायला लागली होती. पुढं पाणी ओसरलं, भिंती रंगवून झाल्या. पण पावसाची झड लागली की ते पाणी रात्री डोळ्यांपुढं परत उभं राहतं. याला भित्रेपणा म्हणू नका हं! मोठमोठ्या माणसांनाही अशी स्वप्नं पडतात.

१९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी एक गंमत जगापुढं मांडली. झोपेत मधूनमधून आपली बुबुळं मिटल्या पापण्यांआड भराभर हलतात. नेमकं तेव्हा उठवलं, तर माणूस बहुतेक वेळा स्वप्न सांगतो. या झोपेत मेंदू जोरात चालू असतो, पण हातापायांचे स्नायू सैल पडलेले असतात. बरंच आहे ते! नाहीतर स्वप्नातल्या पुरात उडी मारायला आपण खरोखरच कॉटवरून उडी घेतली असती. पाय उचलत नाहीत असं वाटतं, ते बहुधा यामुळंच.

ही झोप साधारण दर दीड तासानं येते आणि पहाटेकडं जास्त वेळ टिकते. म्हणून ठसठशीत स्वप्नं पहाटे पडतात, आणि लगेच उठायची वेळ होत असल्यानं लक्षातही राहतात. 'पहाटेचं स्वप्न खरं होतं' असं आपल्याकडं म्हणतात ना? ते खरं होत नाही, ते फक्त आठवतं. आजी वाहून गेल्याचं स्वप्न पाहून दिवसभर वर्गात काळजी करत बसायचं काहीच कारण नाही.

आता उपाय. तो रात्री नव्हे, दिवसा करायचा. स्वप्न वहीत चार ओळींत लिहा किंवा त्याचं चित्र काढा. मग ते कुठंही, तुम्हाला हवं तिथं बदला. पाणी उंबऱ्याशी आलं? येऊ दे. तुम्ही म्हशीच्या पाठीवर बसा, ती छान पोहते! नाहीतर ते नृसिंहवाडीच्या देवळातलं पाणी करून टाका. तिथं कृष्णा चढली की पाणी उत्तरेच्या दारानं आत येतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, आणि त्यात स्नान करायला लोक गर्दी करतात. तेच पाणी, बघा! बदललेलं स्वप्न रोज दहा मिनिटं डोळे मिटून मनात पाहायचं, नाटकाची तालीम करतात तसं. दोन-तीन दिवसांत कंटाळू नका, दोन-तीन आठवडे करा. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ही युक्ती तपासून पाहिली आणि २००१ साली प्रसिद्ध केली. पुष्कळांची वाईट स्वप्नं कमी झाली होती.

आई-बाबांसाठी थोडंसं. मूल दचकून उठलं तर दिवा लावा, पाणी द्या, जवळ बसा. मीठ-मोहरी ओवाळायची तर ओवाळा, पण 'एवढं काय घाबरायचं?' म्हणू नका. झोप लागल्यावर पहिल्या दोनेक तासांतच मूल किंचाळून उठलं, तुम्हाला ओळखेना, आणि सकाळी त्याला काही आठवलंच नाही, तर तो प्रकार वेगळा. अशा वेळी त्याला गदागदा हलवू नका, फक्त पडून लागणार नाही एवढं पाहा. वय वाढेल तसं ते बहुधा आपोआप थांबतं. मात्र भीतीनं मूल झोपायलाच तयार नसेल, शाळेत पेंगत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर २०२२ पासून आहे. फोन फुकट, रात्रीसुद्धा लागतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि दोस्तांनो, ती वही उशाशी ठेवू नका, दप्तरात ठेवा. म्हशीचं चित्र जमलं तर आम्हाला जरूर पाठवा!