उपक्रम बंद करू नका, विद्यार्थ्यांच्या हाती द्या

गणपती तोंडावर आले की पिंपरी-चिंचवडच्या महाविद्यालयांतल्या सूचना फलकावर दोन कागद शेजारी शेजारी लागतात. एक सत्र परीक्षेचा. दुसरा उपक्रमांचा: पाच सप्टेंबरला शिक्षक दिन, पंधराला अभियंता दिन, चोवीसला राष्ट्रीय सेवा योजनेचा स्थापना दिन, मध्ये विसर्जन घाटावरचे काम, एकांकिकेच्या तालमी, आंतरमहाविद्यालयीन सामने, पुढे दोन ऑक्टोबरची स्वच्छता आणि पंधरा ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन. रयत शिक्षण संस्थेच्या पिंपरीतल्या महात्मा फुले महाविद्यालयासारख्या ठिकाणी त्यात बावीस सप्टेंबरच्या कर्मवीर जयंतीची भर पडते.

हा दुसरा कागद आता बऱ्याच जणांच्या डोळ्यांत खुपू लागला आहे. पालक म्हणतात, फी भरतो ती शिकण्यासाठी, नाचगाण्यासाठी नाही. काही प्राध्यापक म्हणतात, अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कुठे बसवायचे? संस्थाचालकांना प्लेसमेंटचा आकडा दिसतो. सगळ्यांचा सूर एकच: ही उद्योगनगरी आहे, इथल्या मुलाला नोकरी हवी आहे, तेव्हा ऑगस्ट ते ऑक्टोबरचे हे खूळ आवरते घ्या.

हे मत मला साफ अमान्य आहे. मात्र ते मांडणारे लोक मुलांचे शत्रू नाहीत, काळजीपोटीच बोलतात. म्हणून त्यांचे आक्षेप एकेक करून घेतो.

पहिला आक्षेप वेळेचा. सत्र जुलै-ऑगस्टात सुरू होते, सप्टेंबर उजाडेपर्यंत परीक्षेची चाहूल लागते, दिवाळीपूर्वी बरेच उरकायचे असते. एवढ्यात तालमी आणि सामने आले तर अभ्यास कधी करायचा, हा प्रश्न रास्तच आहे. पण विद्यार्थ्याचा वेळ खरोखर कुठे जातो ते पाहा. सभागृहात तीनशे मुले कोंबून बसवायची, पाहुणे दीड तास उशिरा येणार, मग सत्कार, शाली, श्रीफळे, चार भाषणे, आभार, आणि हजेरीपत्रकावर सही. अशा कार्यक्रमात तीनशे मुलांचे तीन-तीन तास वाया जातात, हे मीही मान्य करतो. पण वीस जणांचा चमू महिनाभर एकांकिका बसवतो, त्याला त्याच पंगतीत बसवू नका. तिथे संहिता पाठ करायची असते, वेळ पाळायची असते, आपण नाही आलो तर एकोणीस जण अडतात ही जाणीव बाळगायची असते. हा वेळ वाया गेला असे म्हणणाऱ्याने पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाहावे. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे तिथेच डॉक्टर झाले आणि तिथेच नाटकही करत राहिले. एकाने पुढे दौंडला बालरुग्णांवर उपचार केले, दुसरा मनोविकारशास्त्राचा प्राध्यापक झाला. नाटककार सतीश आळेकर त्याच संस्थेत जीवरसायनशास्त्राचे संशोधक होते. वैद्यकीय अभ्यासक्रमाइतका जड अभ्यासक्रम दुसरा कोणता? तो पेलून ज्यांनी मराठी रंगभूमीचा चेहरा बदलला, त्यांच्या पुण्यापासून हाकेच्या अंतरावर बसून आपण म्हणतो की नाटकाने अभ्यास बुडतो!

दुसरा आक्षेप या पट्ट्याचा खास आहे: कंपन्यांना हे काही नको, त्यांना हातात कौशल्य असलेला मुलगा हवा. हे बोलणाऱ्यांनी कारखान्याच्या फाटकाच्या आत काय चालते ते नीट पाहिलेले नाही. भोसरी-चाकणच्या चांगल्या कारखान्यांत क्वालिटी सर्कल असते. पाच-सात कामगार एकत्र बसतात, आपल्याच लाइनवरची अडचण निवडतात, कारण शोधतात, उपाय करून पाहतात आणि मग साहेबांपुढे, कधी इतर कंपन्यांच्या चमूंपुढे, ते सारे उभे राहून मांडतात. लेथ उत्तम चालवणारा पण चार माणसांपुढे तोंड न उघडणारा मुलगा तिथे मागे पडतो. सुरक्षा समिती, कॅन्टीन समिती, सूचना पेटी या सगळ्यांना लागणारे गुण महाविद्यालयाच्या एकाही पेपरात तपासले जात नाहीत. ते तपासले जातात गॅदरिंगच्या समितीत, मैदानावर आणि तालमीच्या खोलीत.

आणि कौशल्यच म्हणाल तर अभियांत्रिकीच्या मुलांनी बनवलेल्या 'बाहा' स्पर्धेच्या गाडीकडे बघा. २००७ पासून भारतात चालणाऱ्या या स्पर्धेसाठी विद्यार्थी खडकाळ वाटेवर धावणारी एका माणसाची गाडी स्वतः आखतात, स्वतः बांधतात. पावसाळा सरता सरता त्यांचे आराखडे पक्के होतात आणि मग भोसरीच्या वर्कशॉपच्या चकरा सुरू होतात. कॉम्प्युटरवर चकचकीत दिसणारे नकलचे, म्हणजे चाक बसवायच्या भागाचे, ड्रॉइंग घेऊन मुलगा जातो, आणि लेथवरचा कसलेला कारागीर पहिला प्रश्न विचारतो: "टॉलरन्स कुठाय यात?" बेअरिंग बसायच्या जागेला मिलिमीटरच्या शतांशाचा हिशेब लागतो, हे पुस्तकात वाचलेले असते, बेअरिंग ढिले बसून पूर्ण जॉब भंगारात गेला की ते कळते. पाइपचा सांगाडा आर्गन वेल्डिंगने जोडताना उष्णतेने ओढला जातो, म्हणून आधी फिक्श्चर लागते, हेही तिथेच कळते. स्पर्धेत गाडी चार तास सलग पळवावी लागते. तिथे सांधा तुटला तर कुणी ग्रेस मार्क देत नाही. या मुलांना "कॉलेज सोडून गॅरेजमध्ये काय करता" असे विचारणाऱ्यांना मी एवढेच विचारतो: कौशल्य म्हणजे दुसरे काय असते?

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. इथली कितीतरी मुले कामगारांची. वडील तीन पाळ्यांत, आई घरकामाला किंवा पॅकिंगला. मुलगा सकाळी वर्गात आणि दुपारनंतर मेडिकलच्या दुकानात, डिलिव्हरीवर किंवा चाकणला ट्रेनी म्हणून. त्याने तालमीला कधी जायचे? मुलीचे तर विचारूच नका. तालीम साडेआठला सुटली की चिखली-देहूरोडच्या घरी पोचेपर्यंत आईचा जीव टांगणीला. म्हणून म्हणतात, हे उपक्रम पोटभरल्यांचे.

वस्तुस्थिती खरी, निष्कर्ष उलटा. या शहरात कला ही पोटभरल्यांची कधीच नव्हती. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत उभी राहिली, मागोमाग मोटारींचे मोठे कारखाने आले, आणि त्यांच्या कामगारांनीच इथे नाटक रुजवले. पाळी संपवून आलेले फिटर आणि टर्नर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत वर्षानुवर्षे उभे राहिले. टेल्कोच्या कामगारांचे 'कलासागर' दिवाळी अंक काढत आले. २०१६ मध्ये साहित्य संमेलन आणि २०२४ मध्ये शंभरावे नाट्यसंमेलन या शहराने भरवले ते या मशागतीच्या बळावर. ज्यांच्या बापांनी ऑइलने माखलेले हात धुऊन संवाद पाठ केले, त्यांच्या पोरांना आपण सांगणार की नाटक तुमच्यासाठी नाही? ज्या मुलाच्या घरात पुस्तकांचे कपाट नाही, वशिला नाही, इंग्रजी क्लासचे पैसे नाहीत, त्याला सभाधीट व्हायला महाविद्यालयाचा मंचच आहे. श्रीमंताच्या मुलाला तो दुसरीकडे विकत मिळतो. उपक्रम बंद केले तर तोटा नेमका याच मुलाचा होतो.

तेव्हा परवडत नसेल तर परवडेल असे करा. तालमी रविवारी ठेवा. 'कमवा व शिका' योजनेतल्या मुलांच्या कामाचे तास या दोन महिन्यांत लवचिक ठेवा. तालमीच्या मुलींसाठी महाविद्यालयाची बस थांबवा. फी घेताना बसचे पैसे घेतच असता. पुण्याच्या एकांकिका स्पर्धेला जाणे आता पूर्वीइतके जिकिरीचे नाही. सप्टेंबर २०२४ पासून पिंपरीहून मेट्रो थेट स्वारगेटपर्यंत जाते. मंडईला उतरले की भरत नाट्य मंदिर चालत गाठता येते. अडचण असेल तिथे वाट काढायची असते, दार लावून घ्यायचे नसते.

चौथा आक्षेप: उपक्रमांच्या नावाखाली धिंगाणा चालतो. डीजेच्या भिंती, नगरसेवकांचे फ्लेक्स, दांडियाच्या पासची विक्री, प्रायोजकाचा सत्कार. ही तक्रार मी अक्षरशः मान्य करतो. पण हे का घडते याचे कारण पाहा. कार्यक्रम ठरवतो विश्वस्त, पैसे देतो प्रायोजक, निमंत्रणपत्रिकेवर नावे पुढाऱ्यांची, आणि विद्यार्थ्यांकडे काम काय? खुर्च्या मांडणे आणि टाळ्या वाजवणे. ज्याच्या हातात काहीच नाही त्याने जबाबदारीने वागावे ही अपेक्षा फोल आहे. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका थांबल्या. त्याआधीच्या हाणामाऱ्या भयंकर होत्या, हे खरे. २०१६ च्या कायद्याने निवडणुका पुन्हा घेण्याची तरतूद केली, पण २०१९ मध्ये ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. म्हणजे पिढ्यान् पिढ्या मुले पदवीधर होऊन बाहेर पडली, पण आपल्या महाविद्यालयाचा एक पैसाही कसा खर्च व्हावा हे त्यांनी ठरवले नाही. मग अठराव्या वर्षी मतदान करणाऱ्या या नागरिकाकडून शहाणपण कुठून येणार?

आता पाचवा, सगळ्यांत नवा युक्तिवाद. नव्या शैक्षणिक धोरणाने सहअभ्यासक्रमाला श्रेयांक दिले आहेत. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून लागू झाले. तेव्हा आता वेगळे काही करायची गरज नाही, सगळे गुणपत्रिकेत आले. मला यातच धोका दिसतो. श्रेयांक मिळाले ही चांगली गोष्ट, पण त्यांच्यामागे धावून झाड लावतानाचा फोटो, फलक धरलेला फोटो आणि प्रमाणपत्र एवढेच उरत असेल तर उपक्रम मेला म्हणून समजा. याउलट पुरुषोत्तम करंडक पाहा. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. 'अरे आवाज कुणाचा' म्हणत नाट्यगृह दणाणून सोडणारी ही स्पर्धा पावसाळ्याच्या उतरत्या दिवसांत होते. २०२२ साली परीक्षकांनी निर्णय दिला की यंदा करंडक कुणालाच नाही, त्या तोडीची एकांकिका झाली नाही. त्यावर वाद झडला, मुले दुखावली, आणि दुखावणे साहजिक होते. पण त्या निकालाने एक गोष्ट ठामपणे सांगितली: इथे सहभागी झालात म्हणून बक्षीस मिळत नाही. हजेरीवर गुण वाटणाऱ्या व्यवस्थेत असा कस लावणारी जागा विद्यार्थ्याला दुसरीकडे कुठे मिळते?

हे झाले खंडन. मग माझे म्हणणे काय? एवढेच, की हे दोन-तीन महिने विद्यार्थ्यांचे असावेत आणि त्यांच्याच हाती असावेत.

हाती देणे म्हणजे काय ते पवना नदीच्या घाटावर दिसते. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास द्यायचे असतात. विसर्जनाच्या दिवशी थेरगाव-चिंचवडच्या घाटांवर हे तास प्रत्यक्ष दिसतात. एकोणीस वर्षांची मुलगी निर्माल्य कलशापाशी उभी असते. घरचे गणपती घेऊन आलेल्या काकांना ती म्हणते, "काका, आरती होऊ द्या निवांत, घाई नाही. फक्त हार इथे द्या, नदीत नको." काका चिडतात, "आमच्या पिढ्या इथेच सोडत आल्यात." ती वाद घालत नाही, हात पुढे करून उभी राहते. दहातले सात जण हार देतात, तिघे देत नाहीत. मग ती मुले हारातून दोरा, थर्माकोल, प्लास्टिकची पिशवी वेगळी करतात, कारण ते न काढता खत होत नाही. अनोळखी माणसाची श्रद्धा न दुखावता त्याच्याकडून सार्वजनिक हिताचे काम करून घेणे: हा धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? आणि हे शहर चालवायला याहून मोठे कौशल्य कोणते लागते?

म्हणून प्राचार्यांना माझी विनंती आहे. उपक्रमांचे वेळापत्रक जुलैतच लावा, परीक्षेच्या आठवड्यात एकही कार्यक्रम ठेवू नका. प्रत्येक उपक्रमाचा खजिनदार विद्यार्थी असू द्या आणि जमाखर्च, चहाच्या बिलासकट, फलकावर लावा. मंचावर पाहुणा एकच, भाषण दहा मिनिटांचे. सभागृह आणि वर्कशॉप संध्याकाळी उघडे ठेवा. चूक झाली तर मुलांना ती निस्तरू द्या, लगेच पुढच्या वर्षी बंदी घालू नका.

पालकांना सांगणे आहे की मुलगा तालमीला जातो म्हणाला तर "मार्क किती पडतील" या प्रश्नाआधी "तुझं काम काय आहे त्यात" हे विचारा. उत्तर देताना त्याचे डोळे चमकले तर त्याला जाऊ द्या. मुलीला मुलाइतकेच जाऊ द्या.

आणि विद्यार्थ्यांनो, कुणी येऊन हातात देईल याची वाट पाहू नका. फलकावरची यादी वाचा, त्यातला एक उपक्रम निवडा, आणि त्यातले कुणालाच नको असलेले काम मागून घ्या: हिशेबाचे, सामानाचे, वेळ राखण्याचे. ते चोख करून दाखवा. मग हे उपक्रम तुमच्या हातातून काढून घ्यायची हिंमत कुणी करणार नाही.