एक संगणक, चार कप्पे



घरात कपाट एकच असलं तरी त्यात आईचा कप्पा वेगळा, बाबांचा वेगळा आणि तुमचा बहुधा सगळ्यात खालचा! मग घरातल्या संगणकात तुमचा कप्पा कुठला? वर्गात विचारलं, तर बहुतेक मुलं म्हणाली, "बाई, सगळ्यांचं सगळं एकाच ठिकाणी असतं." म्हणजे ताईचा प्रकल्प, बाबांची बिलं, दादाचे खेळ, सगळी खिचडी! मग धाकट्यानं जागा करायला चार फाइली पुसल्या, की त्यात ताईचा प्रकल्पही जातो. पुढं घरात काय होतं, ते मी सांगायला नकोच.

मोठ्या माणसांचीही अशी फजिती झालेली आहे बरं का! अमेरिकेतल्या 'एमआयटी' या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये एक नवी व्यवस्था करून दाखवली. तिचं नाव 'सीटीएसएस'. एकच अवाढव्य संगणक, पण तो एकाच वेळी अनेकांनी वापरायचा. म्हणून प्रत्येकाला फाइलींसाठी स्वतंत्र कप्पा आणि स्वतःचा पासवर्ड दिला.

पण व्यवस्था पाहणारी माणसं मात्र सगळी मिळून एकच कप्पा वापरत. १९६६ मध्ये एके दिवशी त्यातला एकजण सगळ्यांसाठीची सूचना लिहीत होता आणि त्याच वेळी दुसरा पासवर्डांची यादी दुरुस्त करत होता. लिहिण्याचा प्रोग्रॅम काम चालू असताना एक कच्ची फाइल तयार करी आणि तिचं नाव दर वेळी एकच असे. एका कप्प्यात एकाच नावाच्या दोन कच्च्या फाइली! झाली की अदलाबदल. मग जो कुणी संगणकावर येई, त्याच्यासमोर सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले! शेवटी सगळे पासवर्ड बदलावे लागले.

यात चोर कुणी होता का? नाही. दोघंही आपापलं काम नीट करत होते. कप्पे वेगळे करायचे ते घरच्यांवर अविश्वास म्हणून नव्हे. चांगल्या माणसांच्या हातूनही एकमेकांचं नुकसान होऊ नये, म्हणून करायचे.

आता आपल्या संगणकाकडे वळू. विंडोज ११ असेल, तर 'सेटिंग्ज'मध्ये 'अकाउंट्स' आणि त्यात 'अदर युजर्स' इथं घरातल्या प्रत्येकाचं खातं उघडता येतं. नवा माणूस पहिल्यांदा आत शिरला, की 'सी' ड्राइव्हवरच्या 'युजर्स'मध्ये त्याच्या नावाचा फोल्डर आपोआप तयार होतो. त्याचे 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स', 'डाउनलोड्स' सगळं त्यातच. लिनक्समध्ये हीच जागा 'होम' या नावाखाली असते.

त्यात 'ॲपडेटा' नावाचा एक लपलेला फोल्डरही असतो. तुमच्या प्रोग्रॅमच्या आवडीनिवडी तिथं साठतात. त्याला हात लावू नका हं! खात्याचं नाव बदललं, तरी फोल्डरचं जुनं नाव तसंच राहतं. तेही हातानं बदलायला जाऊ नका, प्रोग्रॅम बिघडतात. सगळ्यांनी पाहायचे फोटो 'पब्लिक' या सामाईक फोल्डरमध्ये ठेवा.

पालकांनो, आता थोडं तुमच्याशी. खाती दोन प्रकारची असतात. 'स्टँडर्ड' खात्यातून दुसऱ्याचा कप्पा उघडत नाही. 'ॲडमिनिस्ट्रेटर' खात्यातून मात्र कुणाचाही उघडता येतो. ही किल्ली मोठ्यांकडेच असावी आणि मुलांची खाती 'स्टँडर्ड' असावीत. पण ती किल्ली आपल्याकडे आहे, हे मुलांना आधी सांगा. गुपचूप उघडलेला कप्पा मुलांना कधीतरी कळतोच. मग ती संगणकात लपवायला शिकतात आणि आपल्यापासूनही.

दोन गोष्टी साऱ्यांनीच लक्षात ठेवा. खातं आणि त्यातला डेटा काढून टाकला, की त्याचा फोल्डरही जातो. म्हणून आधी नक्कल करून घ्या. दुसरं म्हणजे कप्पे वेगळे असले, तरी कपाट एकच! डिस्क बिघडली, तर सगळ्यांचंच जाईल. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर असू द्या.

आणि उठताना विंडोजची कळ दाबून धरून 'एल' दाबायला विसरू नका. दार उघडं टाकून कुलूप खिशात ठेवण्यात काय अर्थ?

या रविवारचा गृहपाठ: घरातल्या सगळ्यांना बोलवा, कुणाचं काय कुठं आहे ते पाहा आणि ज्याचं त्याच्या कप्प्यात नेऊन ठेवा. दुसऱ्याची फाइल हलवण्याआधी मात्र त्याला विचारायचं. कबूल?